बाहेरून लावलेली कडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई १८९१च्या पुण्यातली प्रेमकादंबरी लिहीत आहेत. नायिका एकोणीस वर्षांची बालविधवा, नायक शाळामास्तर. पहिला खर्डा वाचून एकाने सांगितलं, ‘समाजसुधारणेचं ओझं काढा, प्रेम तेवढं ठेवा.’ दुसऱ्याने सांगितलं, ‘विषय गंभीर आहे, त्यात प्रेम कशाला?’ बाईंना दोन गोष्टी हव्या आहेत. असं मिश्रण लोकांना मुळात आवडतं का आणि कशामुळे? आणि आवडत असेल, तर प्रमाण किती ठेवायचं?

मी सव्वीस वर्षं कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांवर हात फिरवते आहे. ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचा ढीग त्यात मोठा. तेव्हा आधी प्रमाणाचं बोलते: हा भाजीत मीठ किती घालायचं असला प्रश्नच नाही. त्या दोघाही सल्लागारांनी प्रेम आणि सामाजिक प्रश्न हे दोन वेगळे जिन्नस धरले आहेत. ते तसे वेगळे असतील तर कादंबरी फसलीच म्हणून समजा.

कुठल्याही प्रेमकथेत लेखकाला एकच अडचणीचा प्रश्न असतो: हे दोघे आजच लग्न का करत नाहीत? आजच्या काळातली गोष्ट लिहिणाऱ्यांचा इथे घाम निघतो. मग गैरसमज आणा, हरवलेला मोबाईल आणा, परदेशची नोकरी आणा. चाळिसाव्या पानावर वाचक वैतागून म्हणतो, ‘अरे, एक फोन करा ना!’ १८९१च्या पुण्यात अशी अडचण शोधावी लागत नाही. ती शास्त्रात आहे, कोर्टात आहे, जातीच्या पंगतीत आहे आणि माजघरात जप करत बसलेल्या आत्याबाईंच्या डोळ्यांत आहे. सामाजिक प्रश्न म्हणजे त्या दोघांच्या दाराला बाहेरून लावलेली कडी. ती काढली की दार उघडं, आणि उघड्या दाराची गोष्ट कुणी तीनशे पानं वाचत नाही.

इंग्रजीतल्या जुन्या काळच्या प्रेमकादंबऱ्या आपल्याकडच्या मुली फोनवर रात्र रात्र वाचतात. त्यांत जोडपी घोडागाडीतून स्कॉटलंडच्या हद्दीवरच्या ग्रेटना ग्रीन गावाला पळून जातात. ते गाव काही निसर्गशोभेसाठी निवडलेलं नाही. १७५३ साली इंग्लंडमध्ये विवाहाचा नवा कायदा झाला आणि एकवीस वर्षांखालच्यांना आईबापांची संमती लागू लागली. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, आणि हद्द ओलांडली की लागणारं गाव म्हणजे ग्रेटना. दीडशे कादंबऱ्यांतली रम्य पळापळ एका कलमातून निघाली आहे.

आपल्याकडेही अशा हद्दी होत्या. १८७२च्या विशेष विवाह कायद्याखाली जातीबाहेर लग्न करायचं तर दोघांनाही ‘मी हिंदू नाही’ असं लिहून द्यावं लागे. ही अट हिंदूंपुरती सुटली ती १९२३ साली. पण कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९मध्येच आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली होती. म्हणजे मधली चार वर्षं अशी की पंचगंगेच्या काठी एक नियम आणि इंग्रजी अमलात दुसरा. धर्म न सोडता एकमेकांचं व्हायचं म्हणून बैलगाडीने, मग रेल्वेने कोल्हापूर गाठणारं जोडपं माझ्या टेबलावर अजून आलेलं नाही. कुणीतरी आणा.

आता तुमच्या नायिकेकडे येते. खर्ड्यात तुम्ही एका वाक्यात लिहिलंय की विधवाविवाहाचा कायदा झाला होता, ‘पण समाज तयार नव्हता’. हे वाक्य मी वर्षाला दहा हस्तलिखितांत वाचते. ते खोटं नाही, पण पोकळ आहे. कायदा १८५६चा. त्याचं दुसरं कलम काढून वाचा. विधवेने पुन्हा लग्न केलं की मयत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपतो, आणि तो कसा संपतो, तर जणू ती त्याच क्षणी मरण पावली असं धरून. लग्न लागताना बाई एका घरात नवरी आणि दुसऱ्या घरात कायद्याने मेलेली! मूल असेल तर पुढचं कलम: पालक नेमण्यासाठी मयत नवऱ्याचे नातेवाईक कोर्टात जाऊ शकत. तुमच्या नायिकेला मूल नाही. एकत्र कुटुंबात तिला वाटाही नाही, फक्त अन्नवस्त्र आहे. पण मास्तरच्या भरवशावर ती तेही सोडते आहे, आणि मास्तरचा पगार किती ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तिने तरी मनात हिशेब केला असेलच की. तो हिशेब पानावर आला की वाचकाला प्रेमाचं वजन कळतं. ‘मी तुझ्यासाठी सगळं सोडीन’ हे कुणीही म्हणतं. सगळं म्हणजे काय, ते मोजून दाखवणं ही या प्रकारच्या कादंबरीची खरी ताकद.

याच कायद्याची दुसरी बाजू क्वचितच कुणी लिहितं. अनेक जातींत पाट, मोहोतूर लावायची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावायची रीत आधीपासून होती. तिथल्या विधवेला १८५६च्या कायद्याची गरजच नव्हती. तरी मुंबई हायकोर्टाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरवलं की हक्क जाण्याचं कलम या जातींनाही लागू. अलाहाबादच्या कोर्टाचं मत बरोबर उलटं होतं. उच्चवर्णीयांच्या सुधारणेसाठी केलेला कायदा जुन्नरच्या एखाद्या कुणबिणीच्या शेतावर असा येऊन पडला. तेव्हा ‘त्या काळी विधवा पुन्हा लग्न करू शकत नसत’ असं सरसकट लिहू नका. कुणाच्या घरातल्या, ते लिहा.

हा सगळा कोरडा भाग वाटला तर वाटू दे, तो पाया आहे. वाचक ज्याच्यासाठी रात्री दीडपर्यंत जागतो ती गोष्ट वेगळी, आणि तिच्यावर मला जास्त बोलायचंय.

ती गोष्ट म्हणजे अंतर. वाड्यात दिवसाउजेडी नवराबायकोही एकमेकांशी बोलत नसत. नाव घ्यायचं नाही, समोर यायचं नाही, वडीलधाऱ्यांदेखत नजर वर करायची नाही. रमाबाई रानडे आपल्या आठवणींत नवऱ्याचा, न्यायमूर्ती माधवराव रानड्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. एका सर्वनामात केवढा संसार मावलाय! जिथे लग्न झालेल्यांची ही गत, तिथे विधवा आणि परका पुरुष यांच्यामध्ये किती भिंती असतील? आणि प्रेमकथेला भिंती फार मानवतात. सगळं बोलता येतं तिथे शब्द स्वस्त होतात. बोलताच येत नाही तिथे पाण्याचा तांब्या कुठल्या बाजूला ठेवला यालाही अर्थ येतो.

तुमच्या खर्ड्यात दोघे पहिल्यांदा नदीकाठी भेटतात आणि दहा मिनिटं बोलतात. असं कसं? १८९१, पुणं, ब्राह्मण घरातली विधवा, भर दिवसा? दुसऱ्या दिवशी साऱ्या पेठेत झालं असतं. तुमचा नायक गरीब घरातला आहे ना? मग तो विद्यार्थी असताना वार लावून जेवला असेल. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. गुरुवारचा वार तिच्या घरी ठेवा. तो पडवीत पानावर बसतो, घरातली वाढणारी दुसरीच कुणी असते, आणि स्वयंपाक करणारी त्याला तीन वर्षांत एकदाही दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की गुरुवारच्या आमटीत गूळ जरा जास्त असतो. आणि आतून तिला कळतं की गुरुवारचा मुलगा आमटी दुसऱ्यांदा मागतो, पण तिसऱ्यांदा मागायला लाजतो. पुढे तो मास्तर झाला, वार सुटले, तरी एका गुरुवारी तो त्या गल्लीतून जातो. त्या दोघांनी एकमेकांना नीट पाहिलेलंही नाही, आणि वाचक मात्र जीव मुठीत धरून बसलेला.

पण हे लिहायच्या आधी एक ठरवावं लागेल, आणि ते तुमच्या खर्ड्यात कुठेच ठरलेलं नाही. तिच्या डोक्यावर केस आहेत की नाहीत? तुम्ही एका ठिकाणी वेणीचा उल्लेख केलाय आणि साठ पानांनी आलवणाचा, म्हणजे केस काढलेल्या विधवेच्या लाल लुगड्याचा. हे चालणार नाही. केशवपन झालेलं असेल तर ती सोवळ्यात स्वयंपाक करू शकते आणि देवाच्या नैवेद्याला तिचा हात चालतो. केस राखलेले असतील तर सनातनी घरात तिच्या हातचं पाणीही देवाला चालत नाही, आणि रोज कुणीतरी टोमणा मारून विषय काढतं. म्हणजे गुळाची आमटी करणारी हवी तर केस गेलेले हवेत. केस हवेत तर ती चुलीपाशी नाही. या एका निर्णयावर तुमची निम्मी कादंबरी वेगळी होते. माझं मन विचाराल तर पहिला पर्याय. पदराआडून दिसणाऱ्या मुंडण केलेल्या डोक्यासकट तिच्यावर जीव जडणारा नायक लिहायला अवघड आहे, आणि म्हणूनच वाचकाला तो हवा आहे. नायिकेचे लांबसडक केस हे प्रेमकादंबरीचं सगळ्यात जुनं भांडवल. तेच काढून घेतल्यावर लेखिकेकडे काय उरतं, ते बघायला मला आवडेल.

आणि ते केस काढायला कुणीतरी येत होतं. त्यालाही माणूस करा. १८९०मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं मुंडण करायला नकार दिला. तुमच्या कथेच्या जेमतेम वर्षभर आधी. ही बातमी पुण्यातल्या न्हाव्याच्या कानावर आली असेल का? त्याच्या बायकोने त्याला काय म्हटलं असेल? मला त्या बायकोचं एक पान वाचायचंय.

ह. ना. आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये काय केलं ते आठवा. यमूचं वैधव्य आणि तिचं सक्तीचं केशवपन आजही वाचवत नाही, पण का? कारण त्याआधी मुंबईतला तिचा आणि रघुनाथरावांचा संसार आपण पाहिलेला असतो. ते दोघे एकमेकांशी बोलतात, वाचतात, हसतात. आपट्यांनी नुसता अन्याय सांगितला असता तर ते पत्रक झालं असतं. आधी सुख दाखवलं, म्हणून नंतरचा वस्तरा आपल्याला लागतो. तुमच्या दुसऱ्या सल्लागाराला हे सांगा. विषय गंभीर आहे म्हणूनच त्यात प्रेम हवं.

वाचकाच्या बाजूनेही एक कारण आहे, आणि ते मला तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात कळलं. कार्यक्रमानंतर पंचाहत्तरीच्या एक बाई थांबल्या. म्हणाल्या, त्यांच्या आजोबांची बहीण सातव्या वर्षी विधवा झाली, ऐंशी वर्षं जगली, घरातल्या चार पिढ्यांची बाळंतपणं तिने काढली. घरात तिचा एकही फोटो नाही. सगळे ‘आत्या’ म्हणत. खरं नाव काय होतं ते सांगणारं आता कुणी नाही. ‘तुमच्या त्या कादंबरीत विधवेचं लग्न होतं ना, तेव्हा मला वाटलं, आमच्या आत्याचंच झालं.’ मी त्यांना काहीच उत्तर देऊ शकले नाही. पण त्या दिवसापासून ‘असल्या कादंबऱ्या म्हणजे पळवाट’ असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही. मराठी घरांत अशा आत्या किती होत्या याचा अंदाज ज्याला आहे, त्याला ही पळवाट कुठे जाते ते समजतं.

शिवाय वाचकाला तारखा माहीत असतात आणि पात्रांना नसतात. संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला कायद्याने ठरवलेल्या किमान वयाच्या, वादाने तुमच्या १८९१च्या पुण्यात सभा उधळल्या जात होत्या. कशावरून, तर ही मर्यादा दहाची बारा करण्यावरून. बारा! वाचकाला ठाऊक असतं की बालविवाह रोखणारा शारदा कायदा यायला अजून अडतीस वर्षं आहेत आणि वारसाहक्काचा कायदा १९५६ला येणार आहे. पात्रं अंधारात चाचपडतात आणि आपण कॅलेंडर हातात घेऊन बघत बसतो. यात एक विचित्र गोडी आहे. आणि मध्येच, जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरच्यांनीच मुलीचा जीव घेतल्याची बातमी त्याच दिवशीच्या पेपरात वाचली की कॅलेंडर हातातून गळून पडतं.

नायकाबद्दल. तुमचा मास्तर फार निर्मळ आहे. त्याला कधी भीती वाटत नाही, तो आईला सरळ तोंडावर सांगतो, भाषणं छान करतो. खरे सुधारक असे नव्हते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवराव रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली, आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्याच या आठवणी लिहिणाऱ्या रमाबाई. लोक हसले. पण त्याच मुलीला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं, घरातल्या बायकांनी तिला त्यासाठी छळलं, आणि पुढे तिने पुण्यात सेवासदन उभं केलं. याला प्रेम म्हणायचं का? मी म्हणते. पण ते अपराधाच्या पोटातून आलेलं प्रेम आहे, आणि अशा नायकाला कादंबरीत जागा मिळाली तर वाचक त्याच्यावर रागावेल आणि त्याला सोडणारही नाही. १८९०मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये नुसता चहा घेतल्यावरून मोठमोठ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्काराचा खटला झाला आणि रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. तुमच्या मास्तरला एक कप चहा पाजा आणि बघा त्याचं काय होतं ते.

‘नको’ म्हणणं हाही प्रेमकथेचाच भाग आहे, हे जाता जाता. रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न लागलं. नवऱ्याने नांदायला येण्यासाठी १८८४ला दावा लावला. १८८५ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ला दुसऱ्या न्यायाधीशांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग. पुढे दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. ज्या समाजात ‘नको’ला इतकी किंमत मोजावी लागते, तिथे नायिकेचं ‘हो’ किती महाग असेल? तुमची नायिका फार लवकर ‘हो’ म्हणते.

आणि पुण्याचा इतिहास सदाशिव-नारायण पेठेत संपत नाही. फुल्यांच्या घरी विधवांसाठी गुप्तपणे बाळंत होण्याची सोय १८६३पासून होती. तिथेच जन्मलेल्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. सत्यशोधक समाजाच्या रीतीने १८७३च्या डिसेंबरात भटजीशिवाय लग्न लागलं. जोतिरावांनी त्या विधीसाठी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरी स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि नवरा तसं वचन देतो. प्रेमकादंबरी लिहिणाऱ्याला याहून तयार प्रसंग कुठे मिळणार? तरी दर दहा हस्तलिखितांतली नऊ वाड्यातच अडकलेली. तुमचीही आहे. बदला असं मी म्हणत नाही, पण निदान तुमच्या नायिकेला ऐकू येऊ दे की गावात दुसरीकडे लग्नं वेगळी लागतात.

बारीकसारीक चुका भराभर सांगते. ‘धन्यवाद’ कुणी घरात म्हणत नसे. ‘मला थोडी स्पेस हवी’ या अर्थाचं वाक्य तिच्या तोंडी आहे, ते काढा. नऊवारीतली आजची मुलगी वाचक दुसऱ्या पानावर ओळखतो. मास्तरचं अडीच पानी भाषण अर्ध्या पानावर आणा, किंवा तो बोलत असताना कुणाचं तरी मूल रडू दे. आणि शारदासदन, विधवांना राहायची आणि शिकायची सोय असलेली शाळा, कुठे आहे तुमच्या कथेत? ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी ते १८८९ला मुंबईत काढलं आणि १८९०ला पुण्यात आणलं. १८९१च्या पुण्यातली बालविधवा म्हटल्यावर जाणता वाचक पहिला प्रश्न हाच विचारेल की ती तिथे का गेली नाही. याचं उत्तर कादंबरीत असायला हवं, मग ते भाऊ आडवा आला हे असो की बाटण्याची भीती.

शेवटाचं राहिलं. तुमची कादंबरी लग्नाच्या अक्षतांवर संपते. प्रेमकादंबरीचा शेवट गोड हवा याला माझी मुळीच हरकत नाही, तो वाचकाशी केलेला करार आहे. पण हा गोडवा लग्नानंतर सुरू होतो. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३च्या मार्चमध्ये शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते, म्हणजे प्रतिष्ठा होती, पगार होता. तरी मुरूडला, त्यांच्या स्वतःच्या गावात, बहिष्कार पडला. मग तुमच्या साध्या शाळामास्तरचं काय होईल? भाड्याने खोली कोण देईल? विहिरीवर तिला कोण पाणी भरू देईल? श्राद्धाला भटजी येईल का? तिच्या माहेरून पहिलं माणूस कधी येईल, आणि पान मांडल्यावर ते जेवेल की नुसतं बसून जाईल? अक्षतांनंतर अजून दोन प्रकरणं लिहा. त्यांतल्या एखाद्या गुरुवारी तो घरी येऊ दे, स्वतःच्या घरी, आणि आमटी तिसऱ्यांदा मागू दे.

खर्डा पुन्हा पाठवाल तेव्हा मी ती दोन प्रकरणं आधी वाचेन. आणि तिच्या केसांचं काय ठरलं, तेवढं त्याआधी कळवा.